क्लार्क की बेकर्स? तुलना करायला बसण्याआधी

६ एप्रिल २०२४, सकाळचे सात वाजायच्या सुमारास. आमच्याकडे दूधवाला येऊन गेला होता आणि तिकडे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये आदल्या दिवसाची रात्र चालू होती. महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा उपांत्य सामना, आयोवा विरुद्ध यूकॉन, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकट. एकीकडे केटलिन क्लार्क, दुसरीकडे पेज बेकर्स. आयोवा ७१-६९ असं जिंकलं आणि मिनिटभरात भाचीचा मेसेज आला. ती आयोवा सिटीतच शिकते, त्यामुळे तिच्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा मी कधीच सोडली आहे. मेसेज असा: ‘आत्या, क्लार्क ३१.६, तुझी बेकर्स २१.९. विषय संपला.’

हे दोन आकडे त्या हंगामातले, प्रति सामना गुणांचे. दोन्ही बरोबर. मी कॉलेजात असताना पाच वर्षं खेळलेय, नंतर मुलींना शिकवलंय, तरी त्या क्षणी मला धड उत्तर सुचलं नाही. नंतर वही घेऊन बसले तेव्हा कळलं की आकडे खोटे नव्हते, ते शेजारी शेजारी ठेवणं खोटं होतं. क्लार्कला तिच्या संघाने एक काम दिलं होतं, बेकर्सला वेगळंच. आकडा म्हणजे त्या कामाची मजुरी. काम न बघता नुसती मजुरी बघितली की भांडण होतं, तुलना होत नाही.

ज्यांनी हा खेळ नुकताच बघायला घेतलाय त्यांच्यासाठी ती वही इथे उलगडते. क्लार्क-बेकर्स हे उदाहरण; पद्धत कुठल्याही दोघींना लावता येईल.

१. आधी दोघी एका मापाच्या आहेत का, ते बघा

बारा वर्षांच्या अंतराने खेळलेल्या दोघींची तुलना करायला बसलात तर नियम, चेंडू, प्रतिस्पर्धी सगळंच बदललेलं असतं. इथे ती अडचण नाही. बेकर्सचा जन्म ऑक्टोबर २००१चा, मिनेसोटातला. क्लार्कचा जानेवारी २००२चा, आयोवातल्या डे मॉइनचा. शेजारशेजारची राज्यं. दोघींची उंची सहा फुटांच्या आसपास, दोघी गार्ड (म्हणजे चेंडू पुढे आणून बाहेरून खेळ रचणाऱ्या), दोघींनी २०२० मध्ये कॉलेजात पाऊल टाकलं. शाळकरी खेळाडूंच्या ईएसपीएनच्या यादीत त्या वर्षी बेकर्स पहिली होती आणि क्लार्क चौथी. २०१९ मध्ये बँकॉकला झालेल्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकात दोघी एकाच अमेरिकन संघात होत्या, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली बेकर्स.

(नाव ‘बेकर्स’ असंच म्हणतात. इंग्रजी स्पेलिंग बघून ‘ब्युकर्स’ म्हणणारे समालोचकही मी ऐकलेत. तुम्ही म्हणू नका.)

फरक पडतो तो पुढच्या चार-पाच वर्षांत. क्लार्क आयोवाकडून चारही हंगाम सलग खेळली, १३९ सामने. बेकर्सचं पहिलं वर्ष असं गेलं की पहिल्याच वर्षाच्या खेळाडूला वर्षातली सर्वोत्तम खेळाडू हा असोसिएटेड प्रेसचा किताब मिळाला, जे आधी कधी झालं नव्हतं. मग डिसेंबर २०२१ मध्ये गुडघा मोडला. फेब्रुवारीत परतली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारं अस्थिबंधन, फाटलं आणि २०२२-२३चा अख्खा हंगाम बाकावर गेला. त्यामुळे कारकिर्दीतल्या एकूण गुणांची तुलना इथे निरर्थक आहे. क्लार्कचे ३,९५१ गुण हा पुरुष-महिला दोन्ही धरून अमेरिकन कॉलेजच्या सर्वोच्च विभागातला विक्रम आहे, तो स्वतंत्रपणे कौतुकाचा. बेकर्सचे २,४३९ त्याच्याशेजारी मांडून ‘बघा, दीड हजाराचा फरक’ म्हणणं म्हणजे आजारी पडलेल्या मुलाची हजेरी मोजण्यासारखं आहे.

तेव्हा एक हंगाम निवडा. मी २०२३-२४ निवडते, कारण दोघी धडधाकट होत्या, दोघी ३९ सामने खेळल्या आणि शेवटी समोरासमोर आल्या.

२. मैदानावरची रेघ हलली होती का?

ही पायरी लोक हमखास गाळतात, म्हणून इथे जरा थांबू.

तीन गुणांच्या रेघेमागून चेंडू टाकला तर तीन गुण, आतून दोन. बेकर्सने पहिल्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, तीन गुणांचे ४६.४ टक्के शॉट टाकले. थक्क करणारा आकडा. पुढे पूर्ण फिट होऊन खेळली त्या २०२३-२४ मध्ये तो ४१.६ झाला. लगेच कुणीतरी म्हणतं, गुडघ्याने नेम गेला.

नेम गेला नव्हता, रेघ मागे गेली होती. २०२१-२२ पासून महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेघ २० फूट ९ इंचांवरून २२ फूट पावणेदोन इंचांवर नेली, म्हणजे ६.७५ मीटर, जी आंतरराष्ट्रीय सामन्यांत असते तीच. फरक साधारण ४३ सेंटिमीटर, आपल्या भाषेत जवळजवळ एक हात. ऐकायला किरकोळ वाटतं. शाळेच्या मैदानावर जाऊन रेघेवरून दहा शॉट मारा, मग एक हात मागे सरकून दहा मारा. मी शिकवायचे त्या मुलींच्यात हा खेळ केला की मागच्या दहातले निम्मे रिंगच्या पुढच्या कडेला आपटायचे. हात तोच, जोर पायातून यायला हवा आणि तो आलेला नसायचा.

क्लार्कचंही तसंच झालं. पहिल्या वर्षी ४०.६ टक्के, रेघ हलल्यावर दुसऱ्या वर्षी एकदम ३३.२. मग ३८.९, आणि शेवटच्या वर्षी ३७.८. तिने त्या एका हाताशी जुळवून घ्यायला एक हंगाम घेतला. मग रेघेच्या आणखी चार-सहा फूट मागून शॉट मारायला लागली, ते पुढे येतंच.

थोडक्यात, टक्केवारी दिसली की आधी विचारा: कोणत्या वर्षातली, कोणत्या रेघेची?

३. गुण नाही, गुणांचा खर्च बघा

आता भाचीचे ३१.६ आणि २१.९.

बास्केटबॉलमध्ये प्रत्येक शॉट म्हणजे संघाचा खर्च आहे. चेंडू हातात आला, एक डाव मिळाला, त्यात एक शॉट. मग कुणी किती गुण केले यापेक्षा ते करायला किती शॉट खर्च केले हे विचारायला हवं. क्लार्कचे त्या हंगामात एकूण सगळे मिळून ४५.५ टक्के शॉट पडले, बेकर्सचे ५३ टक्के. म्हणजे बेकर्स काटकसरी आणि क्लार्क उधळी? इथे नवख्यांची दुसरी चूक होते.

साधा हिशेब. एका मुलीने दहा शॉट मारले, पाच पडले, सगळे दोन गुणांचे: दहा गुण. दुसरीने दहा मारले, चारच पडले, पण सगळे तीन गुणांचे: बारा गुण. टक्केवारीत पहिली पुढे, गुणफलकावर दुसरी. म्हणून तीन गुणांच्या शॉटला दीडपट वजन द्यायचं: पडलेले एकूण शॉट, अधिक त्यातल्या तीन गुणवाल्यांचे निम्मे, भागिले मारलेले शॉट. क्लीव्हलँडच्या त्या उपांत्य सामन्यात क्लार्कने १८ मारले, ७ पडले, त्यातले ३ तीन गुणांचे. नुसती टक्केवारी ३८.९. वजन देऊन: ७ अधिक दीड, साडेआठ, भागिले १८, म्हणजे ४७.२. अजूनही तिच्या मानाने वाईट दिवस, पण ‘फ्लॉप’ म्हणण्याइतका नाही.

क्लार्क अख्ख्या हंगामात सामन्यामागे साडेतेरा तीन गुणांचे शॉट मारत होती. बेकर्स पाचच्या आसपास. इतक्या मोठ्या फरकात नुसत्या ४५.५ आणि ५३ची तुलना टिकत नाही. वजन देऊन मोजलंत तर दोघींमधलं अंतर बरंच आटतं. बेकर्स तरीही पुढेच राहते असं माझं मत, पण भाची म्हणते तितकी क्लार्क पुढे नाही आणि मी समजत होते तितकी मागेही नाही.

आता संघाचा वेग. आयोवा त्या हंगामात सामन्याला ९१ गुणांच्या आसपास करत होतं, देशात सगळ्यांत जास्त. यूकॉन ऐंशीच्या जवळपास. आयोवाच्या तेव्हाच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांचा संघ चेंडू मिळाला की धावत सुटायचा. यूकॉनचे जीनो ऑरिएम्मा १९८५ पासून तिथे आहेत, आणि त्यांची पद्धत पाचही जणींच्या हातांतून चेंडू फिरवण्याची. वेगवान संघात प्रत्येकीच्या वाट्याला जास्त डाव येतात, त्यामुळे सगळ्यांचेच आकडे फुगतात.

एक हिशेब मी वहीत केला तो मला आवडतो. खेळाडूचे गुण, अधिक तिच्या असिस्टमधून, म्हणजे सहकारीने ज्यावर लगेच गुण केले अशा पासमधून, आलेले किमान गुण (प्रत्येक असिस्टचे दोन धरून), याला संघाच्या गुणांनी भागायचं. क्लार्क: ३१.६ अधिक ८.९ असिस्टचे १७.८, बेरीज ४९.४. आयोवाच्या ९१ पैकी निम्म्याहून जास्त गुणांवर एकाच मुलीचा हात. बेकर्स: २१.९ अधिक ३.८ असिस्टचे ७.६, बेरीज साडेएकोणतीस, ऐंशीतले सदतीस टक्क्यांच्या आसपास. हाच तो कामातला फरक. आयोवाने क्लार्कच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या होत्या. यूकॉनमध्ये बेकर्स घरातली कर्ती होती, पण किल्ल्या चौघींकडे होत्या.

४. शॉट कुठून येतो, तिथे नजर ठेवा

आकडे बाजूला ठेवा, आता डोळे वापरा. चेंडूकडे बघू नका, पायांकडे बघा.

क्लार्कचा ओळखीचा शॉट: अर्ध्या मैदानाची रेघ ओलांडली की ती सावकाश ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, येते. एक सहकारी येऊन स्क्रीन लावते, म्हणजे बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते. क्लार्क डावीकडे जाते, दोन ड्रिबल, आणि मग पुढे जायचं सोडून उलटी मागे उडी. बचावपटू पुढे झेपावलेली असते, तिचा तोल गेलेला असतो. या स्टेप-बॅकनंतर चेंडू सुटतो तो रेघेपासून किती मागून? १५ फेब्रुवारी २०२४ला मिशिगनविरुद्ध तिने केल्सी प्लमचा कॉलेज कारकिर्दीतल्या ३,५२७ गुणांचा विक्रम मोडला तो शॉट आठवा. विक्रमाला आठ गुण हवे होते, दोन मिनिटं बारा सेकंदांत झाले, आणि शेवटचा शॉट मैदानाच्या मधोमध रंगवलेल्या चिन्हाजवळून. त्या सामन्यात ४९ गुण आणि १३ असिस्ट.

या लांब शॉटचा खरा उपयोग तीन गुणांत नाही. मैदानाच्या मध्यापासून धोका आहे म्हटल्यावर बचावाला तिला गाठायला तिथवर यावं लागतं. मग बास्केटखाली चौघींना चौघींशी खेळायला ऐसपैस जागा मिळते. त्या वर्षी तिने २०१ तीन गुणांचे शॉट टाकले. पुरुषांत स्टेफ करीचा कॉलेजातला एका हंगामाचा विक्रम १६२चा होता. पण २०१ पेक्षा न मारलेल्या शॉटच्या भीतीनेच आयोवाचं जास्त भलं झालं.

बेकर्सचं दुकान वेगळ्या गल्लीत आहे. फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेघेच्या दोन कोपऱ्यांपाशी, बास्केटपासून पंधरा फुटांवर, तिथे ती थांबते. ‘थांबते’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतेय. वेगात येते, बचावपटू लेअपच्या, म्हणजे बास्केटखालून अलगद टाकायच्या शॉटच्या, तयारीने मागे सरकते आणि ही जागेवर उभी. दोन्ही पाय खाली, खांदे सरळ, चेंडू डोक्यावर. बचावपटू अजून मागेच जात असते. घाई कुठेच नाही. मला तर कधी कधी वाटतं, ही चहाला थांबली आहे. समोरची उडी मारून अडवायला आली तर चेंडू वर न्यायचं नुसतं सोंग करते, ती हवेत गेली की खालून निघते.

आजकाल हिशेबी लोक म्हणतात, मधल्या अंतराचा शॉट परवडत नाही, एक तर तीन गुणांचा मारा नाही तर बास्केटखाली जा. सर्वसाधारण खेळाडूच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण शेवटच्या मिनिटात, बचाव आवळलेला असताना, स्वतःच्या मर्जीने मिळवता येणारा शॉट हा मधलाच असतो. २०२५च्या राष्ट्रीय स्पर्धेत ओक्लाहोमाविरुद्ध बेकर्सने ४० गुण केले, तिचे कॉलेजातले सर्वाधिक. तो सामना मिळाला तर दुसरा अर्धा बघा.

५. पास: दिलेला आणि फसलेला, दोन्ही मोजा

पासिंगमध्ये क्लार्क माझ्या मते सरस, आणि हे मी बेकर्सची चाहती असून लिहितेय. २०२१-२२ मध्ये गुण आणि असिस्ट दोन्हीत ती देशात पहिली होती. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू, घेतला की मान वर, आणि पाऊण मैदान ओलांडून चेंडू धावत्या सहकारीच्या पुढ्यात. धावणारीला वेग कमी करावा लागत नाही, हे बघा. पास अचूक म्हणजे हातात जाणारा नव्हे, पुढच्या पावलाला भेटणारा.

पण असिस्टच्या शेजारच्या रकान्यात टर्नओव्हर असतात, म्हणजे शॉट न मारताच गमावलेला चेंडू. क्लार्कचे सामन्यामागे ४.७. असिस्टला टर्नओव्हरने भागलं तर दोनाच्या जरा खाली. बेकर्सचं हे गुणोत्तर नेहमीच चांगलं राहिलं. २०२४-२५ मध्ये तिचे असिस्ट ४.६ आणि टर्नओव्हर दोनाच्याही आत.

मग बेकर्स चांगली पासर? पुन्हा कामाकडे या. जी बाई रोज वीस जणांचा स्वयंपाक करते तिच्या हातून जास्त कपबश्या फुटतात. क्लार्कच्या हातात चेंडू जवळजवळ प्रत्येक डावात, तिच्यावर दोन-दोन बचावपटू, आणि तिने करायचे पास जोखमीचे. बेकर्स जोखीम कमी घेते आणि ती घेते तेव्हा सहसा फळते. मला विचाराल तर अशक्य पास दिसणं हे क्लार्कचं देणं आहे, आणि शक्य पासातला सर्वांत चांगला निवडणं हे बेकर्सचं. चेंडू सुटण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात दोघी कुठे बघतात ते पाहा. क्लार्क पाहते तिकडे देते, बेकर्स बऱ्याचदा दुसरीकडे पाहत देते.

६. बचाव, आणि एका वर्षाची अडचण

बचाव आकड्यांत नीट सापडत नाही, तरी सुरुवात करायला: २०२३-२४ मध्ये बेकर्सचे सामन्यामागे २.२ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू), १.४ ब्लॉक (हवेतच अडवलेला शॉट); क्लार्कचे १.७ आणि ०.५. गार्डने दीडच्या घरात ब्लॉक करणं सहज होत नाही. त्यामागे कारण आहे. त्या वर्षी यूकॉनला दुखापतींनी घेरलं होतं. अझी फड दोन सामने खेळून हंगामाबाहेर गेली, आणखीही काही जणी गेल्या. म्हणून ऑरिएम्मांनी बेकर्सला गार्डऐवजी बरेचदा पॉवर फॉरवर्डच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या दांडगीच्या, जागी उतरवलं, तिच्यापेक्षा धिप्पाड मुलींसमोर. चेंडू आणण्याचं काम निका म्यूलकडे. तिचे असिस्ट ३.८ वर का आले, पहिल्या वर्षी तर ५.८ होते, याचं उत्तर इथे आहे. हे ठाऊक नसेल तर तुम्ही ‘पासिंग बिघडलं’ असं लिहून मोकळे व्हाल.

क्लार्कचं उलट. आयोवा समोरच्या सर्वांत घातक गार्डवर गॅबी मार्शलला सोडायचं, क्लार्कला नाही. तिच्या अंगात पुढच्या डावासाठी दम राहावा म्हणून. तेव्हा तिचा बचाव सामान्य वाटतो, तो थोडा आहेही, पण थोडा ठरवून ठेवलेला आहे.

रिबाउंडमध्ये क्लार्क पुढे, ७.४ विरुद्ध ५.२. यात विशेष शोधू नका. रिबाउंड तिने घेतला की थेट हल्ला सुरू होतो, म्हणून आयोवा तिला घेऊ द्यायचं.

७. किताबाचा मुद्दा दोन मिनिटांत उरका

बेकर्सने ६ एप्रिल २०२५ला टॅम्पात साउथ कॅरोलिनाला ८२-५९ हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, यूकॉनचं बारावं. क्लार्क दोनदा अंतिम सामन्यात गेली, २०२३ला एलएसयूकडून (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आणि २०२४ला साउथ कॅरोलिनाकडून हरली. हा मुद्दा चर्चेत येणारच. पण टॅम्पाच्या त्या सामन्यात बेकर्सचे १७ गुण होते, अझी फड आणि सारा स्ट्राँग यांचे प्रत्येकी २४. किताब संघ जिंकतो. यूकॉनमध्ये देशभरातल्या अव्वल मुली येतात. आयोवाला क्लार्क मिळाली ती मुळात आयोवाची पोर म्हणून. हो, तिने आयोवात जे केलं त्याला तोड नाही: ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर भरवलेल्या एका सराव सामन्याला ५५,६४६ माणसं आली होती. भाची त्यातली एक, आणि हे ती मला महिन्यातून एकदा तरी ऐकवते. पण गर्दी हे कौशल्य नव्हे.

८. एकच सामना घ्या आणि वहीत उतरवा

दोघी कॉलेजात दोनदा भिडल्या. मार्च २०२१, सॅन अँटोनिओ: यूकॉन ९२-७२. क्लार्कचे २१ गुण, बेकर्सचे १८ गुण, ९ रिबाउंड, ८ असिस्ट. मग क्लीव्हलँड: आयोवा ७१-६९. क्लार्कचे पुन्हा २१, बेकर्सचे १७. म्हणजे दोन्ही वेळा गुण क्लार्कचे जास्त, आणि सामना एकेक. एवढ्यावरूनच कळावं की गुणांच्या रकान्यावर विसंबता येत नाही.

क्लीव्हलँडचा सामना घ्या. पानावर दोन उभे रकाने आखा. वर नावं. प्रत्येक डावात चार गोष्टींपैकी जी घडेल तिची खूण: शॉट मारला (पडला तर टिंबाला गोल), पास दिला ज्यातून शॉट मिळाला (पडो न पडो), चेंडू गमावला, आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: तिच्याकडे चेंडू नसताना तिने काय केलं. धावली, स्क्रीन लावली, उभी राहिली, की बचावपटूला स्वतःबरोबर लांब ओढून नेलं.

पहिल्या अर्ध्यात तुमच्या पानावर क्लार्कचा रकाना केविलवाणा दिसेल. निका म्यूल तिच्या अंगाला चिकटून होती; मध्यंतराला क्लार्कचे फक्त ६ गुण, यूकॉन ३२-२६ पुढे. पण चौथ्या खुणेकडे बघा. म्यूल तिला सोडत नाही, दुसरी बचावपटू सतत मदतीला येते, आणि या धांदलीत बास्केटखाली हॅना स्टुल्की एकटी सापडते. स्टुल्कीने त्या दिवशी २३ गुण केले, आयोवात सर्वांत जास्त. क्लार्कचा वाईट दिवसही आयोवाच्या कामी आला तो असा.

बेकर्सच्या रकान्यात दुसरीच गोष्ट दिसेल: चेंडू हातात फार कमी वेळ, पण घेतला की काहीतरी घडतं. शेवटच्या काही सेकंदांत, यूकॉन एका गुणाने मागे असताना, शॉटसाठी तिलाच मोकळं करायचा बेत होता. ३.९ सेकंद उरले असताना आलिया एडवर्ड्सच्या स्क्रीनला पंचांनी फाउल दिला आणि बेकर्सला शॉट मिळालाच नाही. तो फाउल होता का? भिंत सरकली होती, म्हणजे नियमाने होता. त्या क्षणी द्यायला हवा होता का, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

सबंध सामना जमत नसेल तर दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरची दहा-दहा मिनिटं पुरेत. मोबाइलवर निवडक शॉटचे तुकडे बघून मात्र खुणा करू नका. त्यात पडलेलेच शॉट असतात, आणि पडलेल्या शॉटमध्ये सगळ्याच खेळाडू महान दिसतात.

९. मग उत्तर काय?

प्रश्न नेमका केलात तर उत्तर मिळतं. मोडक्यातोडक्या संघाला एकटीच्या जोरावर अंतिम फेरीत कोण नेईल? क्लार्क, वादच नाही. मार्च २०२३ मध्ये लुईव्हिलविरुद्ध ४१ गुण, १२ असिस्ट, १० रिबाउंड करणारी मुलगी कुठल्याही संघाला उभं करते. आधीच चांगल्या असलेल्या चौघींमध्ये कुणाला सोडलं तर सगळ्या सुधारतील? बेकर्स. शेवटचा एक शॉट, समोर चांगला बचाव? मी बेकर्सला देईन. भाची पंधरा पावलं मागून क्लार्कला देईल. शिकाऊ मुलीला कुणाचा खेळ दाखवावा? इथे मी हट्टी आहे: आधी बेकर्सचे पाय. क्लार्कचा लांबचा शॉट बघून दहा वर्षांच्या पोरी अर्ध्या मैदानावरून चेंडू भिरकावतात आणि खांदे दुखवून घेतात.

पद्धत हाताला बसली का हे तपासायचं असेल तर गृहपाठ तयार आहे. क्लार्क २०२४ मध्ये इंडियाना फीव्हरकडे गेली, बेकर्स २०२५ मध्ये डॅलस विंग्सकडे; दोघी नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर, दोघी आपापल्या वर्षी डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमधल्या सर्वोत्तम नवोदित. आणि व्यावसायिक लीगमधल्या पहिल्या हंगामात दोघींचे प्रति सामना गुण अगदी सारखे: १९.२. असिस्ट ८.४ विरुद्ध ५.४. क्लार्कचे टर्नओव्हर ५.६. बेकर्सचे टर्नओव्हर, दोन्ही संघांचा वेग आणि कुणाच्या हातात किल्ल्या होत्या ते तुम्ही शोधा. भाचीला मी हाच गृहपाठ पाठवलाय, दोन निळ्या खुणा दिसल्यात, उत्तर अजून आलेलं नाही.